गुठळी विरघळवणारी सुई आणि आधीची चौकशी

"इथं यायच्या पहिले कुठं सुई घेतली का जी?" छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाला विदर्भातल्या दवाखान्यात हा प्रश्न विचारला की सोबतचे चिडतात. ईसीजी निघाला, अटॅक आहे हे कळलं, आता चौकशी कशाला? पण गावाकडं छातीत भरून आलं की पहिला संशय गॅसवर, आणि गॅसवर कमरेत एक इंजेक्शन ठरलेलं. त्यानंतर अटॅकवरचं गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून गेलं, तर कमरेतल्या त्या एवढ्याशा भोकाभोवती रक्त साचू शकतं. हृदयाच्या धमनीतली गुठळी कोणती आणि जखम बुजवणारी कोणती, हे औषधाला कळत नाही.

या औषधाचं मूळ जंतूंत आहे. घसा धरायला लावणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या द्रवात माणसाच्या रक्ताची गुठळी विरघळते, हे 1933 साली अमेरिकेत विल्यम टिलेट आणि गार्नर यांनी दाखवलं. त्यातून आलं स्ट्रेप्टोकायनेज. आधी ते छातीच्या पोकळीत साकळलेल्या रक्तासाठी वापरलं गेलं, हृदयाकडं नंतर वळलं. सुरुवातीचं औषध पुरेसं शुद्ध नसे, रुग्णाला ताप भरे. डॉक्टर बरीच वर्षं बिचकत राहिले, त्यात नवल नाही.

ती भीड मोडली इटलीत. 1986 च्या 'जिस्सी' चाचणीत 11,806 रुग्ण होते; स्ट्रेप्टोकायनेजनं 21 दिवसांतले मृत्यू 13 टक्क्यांवरून 10.7 वर आले. दुखणं सुरू झाल्यापासून तासाभरात औषध मिळालेल्यांचा फायदा सगळ्यांत मोठा होता. दोन वर्षांनी 'आयसिस-2' मध्ये सोबत साधी अ‍ॅस्पिरिन दिली, तर फायदा आणखी वाढला. गडचिरोलीहून नागपूर सुमारे 170 किलोमीटर. अँजिओप्लास्टी दोन तासांत होणार नसेल तर जवळच सुई द्यावी, हा नियम आपल्याकडच्या रस्त्यांना चपखल बसतो. भारतात हे औषध बनवण्याचं तंत्र चंडीगडच्या 'इमटेक' संस्थेत डॉ. गिरीश साहनी यांच्या गटानं विकसित केलं.

सुरक्षिततेचे नियम मात्र अनुभवातून आले. स्ट्रेप्टोकायनेजचे पंधरा लाख युनिट तासाभरात, थेंबाथेंबानं; घाई केली तर बीपी कोसळतं. कुपी खळखळून हलवायची नाही, फेस होतो. हलकेच गोल फिरवायची. सर्वांत मोठी भीती मेंदूत रक्तस्राव होण्याची; पोटातून किंवा ताज्या जखमेतूनही रक्त जाऊ शकतं. म्हणून "लकवा झाला होता का? ऑपरेशन झालं का? संडास काळी होते का?" ही विचारपूस. गडचिरोलीच्या खेड्यांत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात असल्याचं तिथल्या 'सर्च' या संस्थेच्या अभ्यासात दिसलं आहे, त्यामुळं आपल्याकडं लकव्याचा प्रश्न नावापुरता विचारून भागत नाही. उत्तर घरच्यांकडून नीट काढून घ्यावं लागतं.

पुढं गुठळी विरघळवणारंच टेनेक्टेप्लेज हे नवं औषध आलं. महाग, पण वजनावर मोजून एकाच दमात देता येतं: साठ किलोच्या आत 30 मिलिग्रॅम, नव्वद किंवा त्यावर 50. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना अर्धा डोस देण्याकडं आता कल आहे. वजनकाटा खाटेजवळ नसेल तर अंदाज बांधला जातो, आणि मला ते धोक्याचं वाटतं. दुसरी मेख भाषेतली. आपल्याकडं टांगलेली कुठलीही बाटली 'सलाईन'च. तिच्यात साखरेचं पाणी, म्हणजे डेक्स्ट्रोज, असेल तर त्याच नळीतून हे औषध सोडलं की ते नळीतच साकळतं. आधी नळी मिठाच्या, म्हणजे खऱ्या सलाईननं धुवावी लागते.

स्ट्रेप्टोकायनेज एकदा घेतलं की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. दुसऱ्या अटॅकला तेच दिलं तर पुरेसा गुण येईलच असं नाही, अ‍ॅलर्जीचा धोका वर. तेव्हा सुटीच्या कार्डावर औषधाचं नाव आणि तारीख लिहून घ्यावी, आणि ते कार्ड घरात राशनकार्डाच्या पन्नीत ठेवावं. रात्री दोनला 108 ची गाडी दारात उभी असताना ती पन्नी घरात कोणालाही सापडते.