एटीसी आणि एसीईओ: एकाच मापाची दोन कार्डे

अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच, म्हणजे 64 बाय 89 मिलिमीटरच्या जाड कागदावर मासिकाचे एखादे पान पार्श्वभूमी म्हणून चिकटवायचे आणि त्यावर कात्रणे, शिक्के, रेघा व रंग यांची रचना करायची, अशा छोट्या कोलाज कार्डांना कोणी ‘एटीसी’ म्हणतो, कोणी ‘एसीईओ’ आणि पुष्कळ जण दोन्ही नावे एकदमच लावून मोकळे होतात. कार्ड समोर ठेवून कितीही निरखले तरी यांतले कोणते कुठले हे सांगता येणार नाही. माप एकच, साहित्य एकच आणि कृतीही एकच असते. फरक आहे तो कार्ड हातातून जाताना त्याच्या बदल्यात काय घेतले जाते याचा, आणि माझ्या मते हा फरक कात्री हातात घेण्याआधीच लक्षात घ्यायला हवा.

एटीसी म्हणजे आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे एम. व्हेन्ची स्टिर्नेमान या कलावंताने ही कल्पना मांडली आणि 1997 साली स्वतः केलेल्या 1200 कार्डांचे प्रदर्शन भरवले. पाहायला आलेल्यांना ही कार्डे विकत घेता येत नव्हती. हवे असेल तर स्वतः एक कार्ड करून आणावे आणि बदली करून न्यावे, असा रिवाज होता. पुढे कॅनडातील कॅलगरी शहरात अशा अदलाबदलीच्या बैठका सुरू झाल्या आणि टपालाने चालणाऱ्या देवघेवीमुळे हा छंद जगभर पसरला. माप अमेरिकेतील बेसबॉल खेळाडूंच्या संग्राह्य कार्डांचे आहे, त्यामुळे ती कार्डे ठेवण्याचे नऊ कप्प्यांचे पारदर्शक पाकीट यांनाही चालते. पैशाची देवघेव नाही, हा मापाखेरीज या कार्डाचा एकमेव कडक नियम म्हणता येईल.

एसीईओ नंतरचे. ‘आर्ट कार्ड्स, एडिशन्स अँड ओरिजिनल्स’ या नावाची ही आद्याक्षरे 2004 च्या सुमारास ईबे या विक्रीस्थळावर रूढ झाली. तिथे काही चित्रकारांना याच मापाची कार्डे विकायची होती आणि अदलाबदलीच्या संकेतामुळे जुने नाव वापरणे अवघड होते, म्हणून वेगळे नाव घेण्यात आले. नावातच सांगितल्याप्रमाणे यात मूळ कलाकृतीही चालते आणि तिच्या छापील प्रतीही चालतात. एटीसीच्या मंडळींनी यावर नाके मुरडली, पण मला त्यात गैर काही वाटत नाही. कलाकाराने मोबदला घ्यावा, फक्त तो घेतो आहे हे नावातून कळावे.

पार्श्वभूमी तयार करण्याचे तंत्र दोन्हीकडे सारखेच आहे. मासिकातील चांगली पाने बहुधा पातळ आर्ट पेपरची, म्हणजे चकचकीत लेप दिलेल्या कागदाची असतात. पातळ केलेला गोंद त्यांवर लावला की कागद फुगतो, सुरकुत्या पडतात आणि मागच्या बाजूचा मजकूर पुढे उमटतो. म्हणून गोंद कार्डावर आणि अगदी पातळ थरात लावावा किंवा ग्लू स्टिक वापरावी, पान मध्यापासून कडांकडे दाबत न्यावे आणि रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवावे. पान आधी ए फोर आकाराच्या कार्डशीटवर चिकटवून वाळल्यावर कापले तर एका शीटमधून नऊ कार्डे निघतात आणि कडाही नीट येतात. पार्श्वभूमीसाठी चेहरा किंवा ठळक वस्तू नसलेला भाग निवडावा: साडीच्या जाहिरातीतील कापडाचा पोत, आकाश, भिंत, किंवा उलटे धरल्यामुळे ओळखू न येणारे दृश्य. चकचकीत कागदावर पाण्याचे रंग टिकत नाहीत, त्यामुळे वर जेसोचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या अस्तराचा पातळ हात द्यावा लागतो.

मासिक निवडण्याची वेळ आली की मात्र दोन्ही कार्डांच्या वाटा वेगळ्या होतात. कोलाजमध्ये आपण छापलेला कागदच कापून लावतो. पण तोच कोलाज स्कॅन करून त्याच्या वीस प्रती एसीईओ म्हणून विकायला काढल्या, की त्यातील दुसऱ्याच्या छायाचित्राच्याही वीस नकला होतात. भारतातील 1957 च्या प्रताधिकार कायद्यानुसार छायाचित्रावरचा हक्क पूर्वी ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे टिकत असे; 2012 च्या दुरुस्तीनंतर मात्र तोही चित्रावरच्या हक्काप्रमाणे कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या निधनाच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. म्हणजे 1960 सालच्या मासिकातले छायाचित्र केवळ जुने म्हणून मोकळे धरता येत नाही, आणि चित्रकार दीनानाथ दलाल यांनी त्याच काळात दिवाळी अंकासाठी केलेले मुखपृष्ठही मोकळे नाही, कारण दलालांचे निधन 1971 मध्ये झाले आणि त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2031 अखेरपर्यंत आहे. (दलालांचे मुखपृष्ठ कापवणारे हात असतात, हेच मला नवल वाटते.) विकायच्या कार्डासाठी त्यामुळे पोत आणि रंग यांपुरतेच मासिक वापरावे आणि ओळखू येणारी प्रतिमा स्वतःची काढावी. मोबदला न घेता दिल्याने हा कायदा आपोआप लागू होत नाही असे नव्हे, पण एकाच मूळ कार्डाची हातोहात बदली करणे आणि प्रती छापून त्यांवर किंमत लावणे यांत धोक्याचे अंतर बरेच आहे.

टिकाऊपणाबाबतही विकणाऱ्यावर जबाबदारी अधिक येते. न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद उजेडात लवकर पिवळा पडतो; मित्राला दिलेल्या एटीसीवर ते गोडही वाटेल, पण पैसे मोजून घेतलेल्या कार्डावर ती तक्रारीची बाब ठरते. तिथे आम्लविरहित कार्डशीट आणि आर्ट पेपर घ्यावा आणि कोणता कागद वापरला ते खरेदीदाराला सांगावे.

कार्डाच्या मागच्या बाजूवर दोन्ही प्रकारांत कलाकाराचे नाव, शीर्षक आणि तारीख लिहितात. मालिकेतील कार्ड असल्यास 3/8 असा क्रमांक घालतात. एटीसीवर या आकड्यांचा अर्थ ‘हाताने केलेल्या आठ कार्डांपैकी तिसरे’ असा होतो. एसीईओवर तो मर्यादित छापील आवृत्तीतील तिसरी प्रत असाही असू शकतो, म्हणून तिथे मूळ कलाकृती की प्रत हे शब्दांत लिहिणे आवश्यक आहे, तेही न पसरणाऱ्या शाईच्या पेनाने आणि पाकिटात घालण्यापूर्वी.