बेसबॉल कार्डे, जुनी : संग्रह व मूल्यांकन

एका बाजूला बेसबॉलपटूचे चित्र किंवा छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूला जाहिरात अथवा त्याच्या खेळाची माहिती छापलेला जाड कागदाचा लहान तुकडा म्हणजे बेसबॉल कार्ड. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही कार्डे आधी सिगारेटच्या पाकिटातून, मग मिठाईच्या खोक्यातून आणि पुढे च्युइंगगमसोबत दिली जात. संग्राहक साधारणपणे १९८० पूर्वीच्या कार्डांना ‘व्हिंटेज’ म्हणतात आणि दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कार्डांचा वेगळा वर्ग मानतात. त्यांच्या किमतीचे इंगित असे, की ती जपून ठेवण्यासाठी छापलीच गेली नव्हती. मुलांनी ती सायकलच्या चाकांच्या आऱ्यांत अडकवून फडफडवली, जमिनीवर उडवून जिंकली आणि हरली, रबरबँडने करकचून बांधली. मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडला, की बुटांच्या खोक्यातला तो पसारा आईने कचऱ्यात टाकला. या सगळ्यातून जी वाचली, त्यांचा आजचा बाजार आहे. काड्यापेट्यांचे छाप किंवा गमच्या वेष्टनातली क्रिकेटपटूंची चित्रे लहानपणी जमवलेल्या आणि पुढे हरवलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

सिगारेटच्या कागदी पाकिटाला ताठपणा यावा, ही या कार्डांमागची मूळ सोय होती. त्यावर चित्र छापल्याने गिऱ्हाईक त्याच छापाकडे परत येते, हे कंपन्यांच्या मागाहून ध्यानात आले. न्यूयॉर्कच्या गुडविन आणि कंपनीने १८८७ पासून ‘ओल्ड जज’ सिगारेटसोबत खेळाडूंची खरी छायाचित्रे दिली. त्या काळच्या कॅमेऱ्याला धावता खेळाडू टिपणे शक्य नसल्याने चित्रे स्टुडिओतच काढली जात आणि झेल घेण्याचा आव आणणाऱ्या खेळाडूच्या हातांसमोर चेंडू दोरीने टांगलेला असे. काही कार्डांवर ती दोरी स्पष्ट दिसते.

संग्राहकांच्या दृष्टीने मेरूस्थानी असलेला संच मात्र १९०९ ते १९११ या काळातला आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या पीडमाँट, स्वीट कॅपोरल अशा सोळा छापांच्या सिगारेट-तंबाखूसोबत पाचशेहून अधिक रंगीत शिळाछापाची कार्डे वाटली. रुंदीला सुमारे दीड इंच आणि उंचीला अडीच इंचांहून थोडी जास्त, अशा या कार्डांच्या संचाला ‘टी-२०६’ म्हणतात. हे नाव कंपनीचे नव्हे. सिरॅक्यूज येथील जेफरसन बर्डिक या संग्राहकाने १९३९ पासून प्रसिद्ध केलेल्या सूचीतला तो क्रमांक आहे आणि त्यातील ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातील तंबाखू-कार्डे. एका खाजगी माणसाने स्वतःच्या सोयीसाठी पाडलेली ही वर्गवारी संपूर्ण बाजाराची भाषा होऊन बसली.

याच संचात पिट्सबर्ग पायरेट्स संघाचे शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या तळांमधले क्षेत्ररक्षक) होनस वॅगनर यांचे कार्ड आहे. आठ वेळा फलंदाजीत अव्वल ठरलेले आणि १९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडलेल्या पहिल्या पाचांपैकी एक असलेले वॅगनर यांच्या कार्डाची छपाई सुरू होताच थांबली. लहान मुलांनी आपल्या चित्रासाठी सिगारेट विकत घ्यावी हे त्यांना पटले नाही, असे एक मत आहे. आपले चित्र वापरल्याचा मोबदला न मिळाल्याने त्यांनी हरकत घेतली, असे दुसरे. वॅगनर स्वतः तंबाखू चघळत असत, त्यामुळे पहिले मत मानायचे तर जरा सांभाळूनच मानावे लागते. कारण काहीही असो, आज या कार्डाच्या पन्नास-साठच प्रती ठाऊक आहेत. त्यांपैकी कोपरे झिजलेली, प्रतवारीत दहापैकी जेमतेम तीन गुण मिळालेली एक प्रत ऑगस्ट २०२१ मध्ये ६६ लाख ६ हजार डॉलरला गेली आणि दोन गुणांची दुसरी प्रत पुढच्या वर्षी खाजगी व्यवहारात ७२ लाख ५० हजारांना. गुण कमी असूनही किंमत वाढते, हे बाजाराच्या एरवीच्या नियमाविरुद्ध असले, तरी प्रत मुळात दुर्मीळ असली आणि बाजार चढता असला, की नियमाला मुरड पडते.

मिठाईच्या कार्डांचे एकच उदाहरण पुरे. ‘क्रॅकर जॅक’ या पाकातल्या मक्याच्या लाह्यांच्या खोक्यात १९१४ साली १४४ खेळाडूंची कार्डे सुटी टाकलेली असत आणि पाकाचे डाग त्यांच्यावर पडत. १९१५ मध्ये १७६ कार्डांचा पूर्ण संच टपालाने मागवता येऊ लागला. दोन्ही वर्षांची रचना जवळजवळ सारखी असूनही १९१४ चे स्वच्छ कार्ड मिळणे कठीण आणि १९१५ चे तुलनेने सोपे आहे. खेळाडू तोच, चित्रही बहुधा तेच; फरक पडला तो फक्त कार्ड घरी कसे आले याने.

बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने १९३३ साली २४० कार्डांच्या संचात बेब रूथ यांची चार वेगवेगळी कार्डे घातली, पण नॅप लाजवे यांचे १०६ क्रमांकाचे कार्ड मात्र त्या वर्षी छापलेच नाही. संच पुरा होईना म्हणून ज्यांनी पत्रे लिहून तक्रार केली, त्यांना ते १९३४ मध्ये टपालाने पाठवण्यात आले. कागदपत्रांना लावायची क्लिप या कार्डाला लावून ते पाठवले जाई, त्यामुळे अनेक प्रतींवर तिचा वळ आजही दिसतो आणि किंमत ठरवताना तो मोजला जातो. रूथ यांचे सर्वांत महाग कार्ड मात्र याहून जुने आहे : १९१४ साली, एकोणीस वर्षांचे असताना ते बॉल्टिमोरच्या दुय्यम संघात गोलंदाज होते, तेव्हाचे, स्थानिक वृत्तपत्राने काढलेले आणि पाठीवर सामन्यांचे वेळापत्रक छापलेले. त्याच्या दहाच्या आसपास प्रती ज्ञात आहेत. त्यांतली एक डिसेंबर २०२३ मध्ये ७२ लाख डॉलरला विकली गेली.

दुर्मीळपणा आणि किंमत यांचे नाते सरळ नसते, हे न्यूयॉर्क यांकीज संघाचे फलंदाज मिकी मँटल यांच्या कार्डावरून चांगले दिसते. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीतील साय बर्जर यांनी १९५२ च्या संचाची आखणी केली. मोठा आकार, संघाचे चिन्ह, स्वाक्षरीची प्रतिकृती आणि पाठीवर आकडेवारी हा साचा त्यातून रूढ झाला. ४०७ कार्डांच्या या संचाचा शेवटचा भाग हंगाम सरताना दुकानांत आला. मुलांचे लक्ष तोवर अमेरिकन फुटबॉलकडे वळले होते आणि माल पडून राहिला. बर्जर यांनीच पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, गोदामात जागा अडवून बसलेल्या या कार्डांच्या पेट्या १९६० साली पडावात घालून अटलांटिक समुद्रात बुडवण्यात आल्या. मँटल यांचे ३११ क्रमांकाचे कार्ड याच भागातले. परंतु छपाईच्या तावावर ते दोनदा बसवलेले असल्याने त्याच भागातील बहुतेक शेजारी कार्डांपेक्षा त्याच्या प्रती जास्तच निघाल्या. शिवाय ते त्यांचे पहिले कार्डही नव्हे. पहिले, म्हणजे संग्राहकांच्या भाषेत ‘रुकी’ कार्ड, बोमन कंपनीने १९५१ साली काढले होते. तरीही युद्धोत्तर काळातल्या सर्व बेसबॉल कार्डांत याचीच किंमत सर्वाधिक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये साडेनऊ गुणांची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली आणि क्रीडाक्षेत्रातील कोणत्याही वस्तूला तोवर मिळालेल्या किमतीचा उच्चांक झाला. हीच प्रत १९९१ मध्ये व्यापारी ॲलन रोझेन यांनी ५० हजार डॉलरला विकली होती. १९८६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सापडलेल्या, कधी हाताळल्याच न गेलेल्या हजारो कार्डांच्या साठ्यातून ती आलेली होती.

कृष्णवर्णीय फलंदाज हँक एरन यांनी कारकिर्दीत ७५५ होमरन (चेंडू मैदानाबाहेर टोलवून घेतलेल्या धावा) केले, मँटल यांनी ५३६. तरी एरन यांचे १९५४ चे रुकी कार्ड मँटल यांच्या दुसऱ्या वर्षीच्या कार्डाच्या जवळपासही पोचत नाही. न्यूयॉर्क यांकीजची लोकप्रियता आणि १९५० च्या दशकात लहान असलेल्या गोऱ्या मध्यमवर्गीय पिढीच्या हाती पुढे आलेला पैसा ही त्याची उघड कारणे आहेत. कृष्णवर्णीय खेळाडूंना बाजाराने दीर्घकाळ कमी लेखले, हेही त्यात धरले पाहिजे. कार्डे कोणाची निघाली, यातच तो भेद आधी होऊन गेला होता. कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या असलेल्या निग्रो लीगमधील महान फलंदाज जॉश गिब्सन यांचे एकही कार्ड त्यांच्या खेळण्याच्या काळात अमेरिकन गम वा तंबाखू कंपनीने काढले नाही. सॅचेल पेज हे बेचाळिसाव्या वर्षी, १९४८ साली, मुख्य लीगमध्ये आले, तेव्हा कुठे लीफ कंपनीने त्यांचे कार्ड काढले. तेही थोड्याच प्रतींत निघाल्याने आज विसाव्या शतकात मुख्य लीगमध्ये खेळलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन यांच्या त्याच संचातील कार्डापेक्षा ते सापडणे अवघड आहे.

कार्डाची स्थिती पारखताना चार गोष्टी पाहतात : कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राभोवतीचे पांढरे समास चारही बाजूंना सारखे आहेत की नाहीत, म्हणजेच सेंटरिंग. पूर्वी हा निवाडा विकणाऱ्याच्या शब्दावर चाले. १९९१ पासून पीएसए ही संस्था शुल्क घेऊन कार्डाला एक ते दहा गुण देऊ लागली आणि ते पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात सीलबंद करू लागली. एसजीसी आणि बेकेट या संस्थाही हेच काम करतात. संग्राहक या कवचाला ‘स्लॅब’ म्हणतात. कोणत्या कार्डाच्या किती प्रतींना किती गुण मिळाले, याची यादी या संस्था प्रसिद्ध करतात, आणि गुणांच्या वरच्या टोकाला एका अंकाच्या फरकाने किंमत दुप्पट-चौपट होते, ती या यादीमुळेच. मँटल यांच्या १९५२ च्या कार्डाला पीएसएने पूर्ण दहा गुण दिलेल्या प्रती फक्त तीन आहेत. नुसत्या डोळ्यांना नऊ आणि दहा यांतला फरक बहुधा दिसत नाही. ग्राहक तेथे खेळाडूपेक्षा संस्थेच्या शिक्क्याचेच पैसे मोजतो, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरू नये.

हा शिक्का किती भरवशाचा, याची परीक्षा पहिल्याच क्रमांकाच्या प्रमाणपत्राने पाहिली. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की यांनी भागीदारासह १९९१ मध्ये वॅगनर यांचे एक अत्यंत स्वच्छ कार्ड ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले आणि पीएसएने त्याला आठ गुण देऊन एक क्रमांकाचे प्रमाणपत्र दिले. पुढे ते एका बक्षीस योजनेत टपाल खात्यातील एका महिलेला लागले. त्यावरचा कर भरणे परवडत नसल्याने तिने ते लिलावाला काढले. हात बदलत २००७ मध्ये त्याची किंमत २८ लाखांवर पोचली. या कार्डाच्या कडा कापून सरळ केल्या असाव्यात, ही कुजबुज मात्र पहिल्यापासून होती. २०१३ मध्ये लिलावदार बिल मास्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केले, की ते आपल्याकडे असताना आपणच कापले होते.

कडा कापणे हा या व्यवहारातला सर्वांत जुना गुन्हा आहे, कारण झिजलेला कोपरा कापला की तो पुन्हा टोकदार होतो. म्हणून मोजपट्टी हे पहिले हत्यार, तरी त्या काळी कार्डे मुळातच लहानमोठी कापली जात, त्यामुळे केवळ मापावर निर्णय देता येत नाही आणि कड भिंगाखाली पाहावी लागते. जुन्या छपाईत नावाची अक्षरे सलग शाईची असतात. कार्डाचे छायाचित्र घेऊन केलेल्या नकलेत तीच अक्षरे ठिपक्यांची दिसतात. कागद पांढराशुभ्र करणारी रसायने महायुद्धानंतर सर्रास वापरात आल्याने अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारे टी-२०६ कार्ड संशयास्पद ठरते. वहीत चिकटवलेले कार्ड साध्या पाण्यात भिजवून सोडवणे बहुतेक संग्राहकांना चालते. रंग भरणे, डाग रसायनाने उडवणे किंवा घडी दाबून नाहीशी करणे चालत नाही. ही सीमारेषा नेमकी कोठे आहे, यावर वाद होतात.

नवे साठे अधूनमधून उजेडात येतात. २०१२ साली ओहायो राज्यातील डिफायन्स गावी आजोबांच्या घराचा पोटमाळा आवरताना १९१० च्या सुमाराची सुमारे सातशे मिठाई-कार्डे मिळाली. शंभर वर्षे अंधारात राहिल्याने ती त्या संचातील तोवर ज्ञात असलेल्या सर्व प्रतींपेक्षा सरस होती. अशा शोधाने नव्या मालकाचे भाग्य उघडते आणि आधीच्या सर्वोत्तम प्रतीचा मालक एका रात्रीत दुसऱ्या रांगेत जातो. याउलट १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, कार्डे म्हणजे गुंतवणूक ही समजूत पसरल्यावर, कंपन्यांनी ती अफाट संख्येने छापली आणि लोकांनी ती जपूनही ठेवली. त्या काळातली बहुतेक कार्डे आज मातीमोल आहेत.

बर्डिक यांनी बेसबॉलची तीस हजारांहून अधिक कार्डे धरून तीन लाखांवर छापील वस्तूंचा आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला दिला. संधिवाताने हात आखडलेले असताना त्यांनी वर्षानुवर्षे तेथे बसून तो वह्यांत लावला. १९६३ च्या आरंभी काम पुरे झाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यात वॅगनर यांचे कार्डही आहे. आजच्या कोणत्याही संग्राहकाचा जीव कासावीस होईल अशा रीतीने, त्यांनी ती कार्डे वहीच्या पानांवर डिंकाने चिकटवली आहेत.