ग्लुटेन संवेदनशीलता, सीलिअ‍ॅकेतर

गहू, जव व राय या धान्यांचे पदार्थ खाल्ल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पोट फुगणे, पोटदुखी, जुलाब वा बद्धकोष्ठ, थकवा, डोकेदुखी, हातापायांना मुंग्या येणे यांसारखी लक्षणे उद्भवतात. धान्य बंद केल्यावर ती ओसरतात व पुन्हा सुरू केल्यावर परततात. परंतु तपासण्यांत सीलिअ‍ॅक रोगही (या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनांमुळे लहान आतड्याचे अस्तर झिजण्याचा विकार) आढळत नाही आणि गव्हाची अ‍ॅलर्जीही नाही. अशा स्थितीला ही संज्ञा लावतात. तिच्या निश्चितीसाठी रक्ताची किंवा आतड्याची कोणतीही स्वतंत्र तपासणी नाही. इतर शक्यता वगळल्यावर उरते ती ही. लक्षणे ग्लुटेनमुळेच होतात का, याविषयीही वाद असल्याने अलीकडे अनेक संशोधक ‘सीलिअ‍ॅकेतर गहू संवेदनशीलता’ हे नाव वापरतात आणि ते अधिक नेमके वाटते. रूढ नाव मात्र जुनेच राहिले आहे.

ग्लुटेन हे एकच प्रथिन नसून ग्लायडिन व ग्लुटेनिन या दोन प्रथिनगटांचे मिश्रण आहे. मळलेली कणीक पाण्याच्या धारेखाली चोळली की स्टार्च वाहून जातो व हातात रबरासारखा चिवट गोळा राहतो, तो मुख्यतः ग्लुटेनचा. इटलीतील बोलोन्याच्या बेक्कारी या शास्त्रज्ञांनी १७२८ मध्ये एका व्याख्यानात हा प्रयोग सांगितला. तो छापून आला १७४५ मध्ये. या प्रथिनांत प्रोलिन व ग्लुटामिन ही अ‍ॅमिनो अम्ले विपुल असल्याने पाचकरसांकडून त्यांचे पूर्ण विघटन होत नाही व लांब तुकडे लघ्वांत्रात (लहान आतड्यात) तसेच राहतात. हे सर्वांच्याच बाबतीत घडते. त्रास मात्र थोड्यांना होतो.

इतिहास : संकल्पनेचा उगम कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. काही लेखक कॅपाडोशियाच्या अरिटीअस या ग्रीक वैद्यापर्यंत मागे जातात. त्याचा काळ सामान्यतः इ. स. पहिले किंवा दुसरे शतक असा मानला जातो. दीर्घकालीन जुलाबाच्या रुग्णांसाठी त्याने योजलेल्या, पोटाशी संबंधित अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून सीलिअ‍ॅक हे नाव आले. परंतु त्याच्या वर्णनात आज वेगवेगळे मानले जाणारे बरेच विकार बसू शकतात. त्यामुळे अरिटीअसला नावाचे श्रेय देणे योग्य. संकल्पनेचे श्रेय देणे ओढाताणीचे होईल. लंडनचे वैद्य सॅम्युएल जी यांनी १८८७ मध्ये दिलेल्या व पुढील वर्षी छापल्या गेलेल्या व्याख्यानात मुलांमधील या रोगाचे नेमके वर्णन केले व पिठूळ अन्न थोडेच द्यावे असे सुचविले. तथापि गव्हावर बोट ठेवले ते डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी.

डिके यांच्याविषयी एक हकीकत पुन्हापुन्हा सांगितली जाते. १९४४–४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि सीलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारली. तेव्हा त्यांना कारण उमगले. घटना खरी असली तरी क्रम बहुधा तसा नाही. गव्हाविषयीचा त्यांचा संशय १९३० च्या दशकातला असून युद्धकाळाने त्याला पुष्टी दिली, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. त्यांचा प्रबंध १९५० मध्ये सादर झाला. १९५४ मध्ये पॉली यांनी शस्त्रक्रियेत मिळालेल्या ऊतकात रसांकुर (अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटे) झिजलेले दाखविले, आणि १९५६ मध्ये मार्गो शायनर यांच्या उपकरणामुळे तोंडावाटे नळी घालून लघ्वांत्राचा तुकडा काढणे शक्य झाले. येथून सीलिअ‍ॅकची ओळख रसांकुरांच्या झिजेवरून ठरू लागली. ज्यांचे रसांकुर शाबूत पण गहू सोसत नाही, असा रुग्णांचा गट वेगळा दिसू लागला तो या कसोटीमुळेच.

अशा रुग्णाची नोंद एलिस व लिनाकर यांनी १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केली. त्या टिपणाच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते. पुढे संज्ञा रूढ झाली आणि प्रश्नचिन्ह गळले. १९८० मध्ये कूपर व सहकाऱ्यांनी ग्लुटेन बंद केल्यावर जुलाब थांबलेल्या, पण सीलिअ‍ॅकचा पुरावा नसलेल्या काही स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. काही जण हाच आरंभ मानतात, कारण येथे एकापेक्षा अधिक रुग्ण होते. नंतरची सुमारे तीन दशके विषय मागे पडला. लंडन (२०११), म्युनिक (२०१२) व सालेर्नो (२०१४) येथील तज्ज्ञांच्या बैठकांनंतर व्याख्या व निदानाची रीत यांना आजचे स्वरूप आले.

संदिग्ध निकाल : व्यवहारात बहुतेक रुग्ण सीलिअ‍ॅकविषयी स्पष्ट ‘नाही’ घेऊन येत नाहीत, ते अर्धवट उत्तर घेऊन येतात. त्याची कारणे समजून घेतल्याशिवाय संवेदनशीलतेचा शिक्का मारणे घाईचे ठरते.

सर्वांत सामान्य कारण साधे आहे. तपासणीपूर्वीच रुग्णाने पोळी सोडलेली असते. सीलिअ‍ॅकमध्ये ऊतक ट्रान्सग्लुटामिनेज या विकराविरुद्ध (विकर म्हणजे एन्झाइम) आयजीए वर्गाची प्रतिपिंडे रक्तात आढळतात. हा संबंध १९९७ मध्ये शुपान यांच्या गटाने दाखविला व त्यावर आजची ‘टीटीजी’ तपासणी आधारलेली आहे. ग्लुटेन बंद होताच ही प्रतिपिंडे काही महिन्यांत उतरू लागतात, रसांकुरही भरून येतात, आणि खऱ्या सीलिअ‍ॅकचा अहवाल निर्दोष दिसू शकतो. अशा वेळी पुन्हा ग्लुटेन खायला घालून तपासावे लागते. प्रौढांसाठी रोज किमान ३ ग्रॅम, दोन आठवडे व सोसल्यास आठ आठवड्यांपर्यंत, अशी एक शिफारस आहे. ३ ग्रॅम म्हणजे गव्हाच्या साधारण एक-दोन पोळ्या. बरे वाटू लागलेला रुग्ण याला सहसा राजी नसतो, म्हणून तपासणी आधी व पथ्य नंतर हा क्रम महत्त्वाचा.

दुसरे कारण आयजीएची उपजत कमतरता. सीलिअ‍ॅकच्या रुग्णांपैकी सुमारे २–३ टक्क्यांत ती असते व त्यांची टीटीजी तपासणी खोटी नकारात्मक येते. त्यामुळे एकूण आयजीए मोजणे आवश्यक असते. ते कमी असल्यास आयजीजी वर्गाच्या तपासण्या करतात.

तिसरे कारण बायॉप्सीत (आतड्याचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) दडलेले असते. मार्श यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या वर्गवारीत पहिल्या पायरीवर रसांकुर शाबूत असतात, फक्त अस्तराच्या पेशींमध्ये लिंफ पेशींची (पांढऱ्या रक्तपेशींच्या एका प्रकाराची) संख्या वाढलेली असते. १०० अस्तरपेशींमागे २५ पेक्षा जास्त हा सध्याचा प्रचलित निकष. अहवालात ‘मार्श १’ वाचून पुष्कळांना सीलिअ‍ॅकची सुरुवात झाली असे वाटते. परंतु हाच बदल हेलिकोबॅक्टर या जठरातील जंतूचा संसर्ग, जिआर्डिया या आतड्यातील परजीवीचा संसर्ग, वेदनाशामक गोळ्यांचा दीर्घ वापर व क्रोन रोग (आतड्याचा दीर्घकालीन दाह) यांतही दिसतो. रसांकुर खरोखर झिजलेले असले तरी भारतात उष्णकटिबंधीय स्प्रू हा विकार विचारात घ्यावा लागतो. तो फॉलिक अम्ल व टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने बरा होतो, पथ्याने नव्हे. याशिवाय झीज ठिगळांसारखी विखुरलेली असल्यास एक-दोन तुकड्यांत ती निसटते, म्हणून ग्रहणीच्या (लघ्वांत्राच्या पहिल्या भागाच्या) आरंभीच्या भागातून एक-दोन व पुढच्या भागातून किमान चार तुकडे घेण्याची शिफारस आहे. तुकडा तिरका कापला गेल्यास निरोगी रसांकुरही आखूड दिसतात.

संदिग्ध अवस्थेत एचएलए-डीक्यू२ व डीक्यू८ या जनुकांची तपासणी उपयोगी पडते, पण एकाच दिशेने. दोन्ही नसल्यास सीलिअ‍ॅक जवळजवळ वगळता येतो. असल्यास फारसे सिद्ध होत नाही, कारण भारतात पाहणी झालेल्या समूहांत सुमारे ३१ ते ३८ टक्के लोकांत ती आढळली. या तपासणीवर पथ्याचा परिणाम होत नाही, हा तिचा विशेष.

हे सारे वगळल्यावर सालेर्नो निकषांप्रमाणे सहा आठवडे ग्लुटेन वर्ज्य करतात. मुख्य लक्षणांत किमान ३० टक्के घट झाल्यास दुसरा टप्पा येतो : एक आठवडा रोज ८ ग्रॅम ग्लुटेन व एक आठवडा तसाच दिसणारा निर्ग्लुटेन पदार्थ, मध्ये एक आठवडा खंड. कोणत्या आठवड्यात काय दिले हे रुग्णाला व वैद्याला दोघांनाही ठाऊक नसते. दोन्हींतील फरक ३० टक्क्यांहून कमी असल्यास निदान टिकत नाही. नित्याच्या दवाखान्यात हे क्वचितच जमते. बहुतेक निदाने पहिल्या टप्प्यावरच थांबतात आणि तेथेच चूक शिरते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १० दुहेरी-अंध (वरीलप्रमाणे दोघांनाही अज्ञात ठेवलेल्या) अभ्यासांच्या व १,३१२ प्रौढांच्या आढाव्यात सुमारे १६ टक्क्यांनाच ग्लुटेनमुळे निश्चित लक्षणे झाली. सुमारे ४० टक्क्यांना ग्लुटेन नसलेल्या पदार्थानेही तितकाच किंवा अधिक त्रास झाला. त्रास होईल या अपेक्षेनेच होणाऱ्या या दुसऱ्या परिणामाला नोसीबो म्हणतात. तो त्रास खोटा नसतो. पोट खरोखरच दुखते, फक्त कारण ग्लुटेन नसते.

कारणमीमांसा : मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील गटाचे मत दोन वर्षांत बदलले, हे या वादात उद्‌बोधक आहे. २०११ मध्ये आयबीएस (आतड्याची क्षोभशील अवस्था) असलेल्या ३४ रुग्णांत ग्लुटेन घेणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांची व न घेणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांची लक्षणे आटोक्यात राहिली नाहीत, असे त्यांना आढळले. २०१३ मध्ये त्यांनीच ३७ रुग्णांच्या आहारातून आधी आंबणारी लघुशृंखल कर्बोदके (फॉडमॅप) कमी केली, तेव्हा ग्लुटेनचा वेगळा परिणाम ८ टक्क्यांतच उरला. ऑस्लोतील गटाने २०१८ मध्ये, स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना ग्लुटेन, फ्रुक्टान व यांपैकी काहीच नसलेल्या वड्या आळीपाळीने दिल्या. सर्वाधिक त्रास २४ जणांना फ्रुक्टानने, २२ जणांना रिकाम्या वडीने व १३ जणांना ग्लुटेनने झाला. फ्रुक्टान हे गव्हातील फॉडमॅप वर्गाचे कर्बोदक असून कांदा व लसूण यांतही भरपूर असते.

दुसरा पक्ष गव्हातील अमायलेज-ट्रिप्सिन निरोधक (पाचक विकरांना अडविणाऱ्या) प्रथिनांकडे बोट दाखवितो. ती उपजत प्रतिकारशक्तीला चेतवितात असे २०१२ मध्ये दाखविले गेले. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना अशा रुग्णांच्या रक्तात आतड्याच्या पेशींना इजा झाल्याच्या खुणा मिळाल्या. त्यामुळे सगळा भार अपेक्षेवर टाकता येत नाही. तरी पोटाच्या तक्रारींपुरते पाहिल्यास फ्रुक्टानचे स्पष्टीकरण सध्या वजनदार दिसते. थकवा व मुंग्या यांचा उलगडा त्याने होत नाही.

भारत व महाराष्ट्र : उत्तर भारतातील बालकांमधील सीलिअ‍ॅकची नोंद १९६६ मध्ये वालिया व सहकाऱ्यांनी केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३,३३१ प्रौढांच्या पाहणीत या रोगाच्या प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के व दक्षिणेत ०.१० टक्के होते. रोगाशी निगडित जनुकांचे प्रमाण मात्र फारसे भिन्न नव्हते. दैनिक गव्हाचे सेवन उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत २५ ग्रॅम होते.

महाराष्ट्रात पोळीऐवजी ज्वारी, बाजरी वा नाचणीची भाकरी घेणे अंगवळणी पडलेले असल्याने पथ्य तुलनेने सोपे जाते. मात्र भाकरीने बरे वाटले म्हणजे ग्लुटेनच दोषी ठरले असे नव्हे, कारण पोळीबरोबर तिच्यातले फ्रुक्टानही जाते. उपवासाचे साबुदाणा, वरई व राजगिरा हे पदार्थ मूलतः निर्ग्लुटेन आहेत. याउलट खपली गहू पचायला हलका मानला जात असला तरी त्यात ग्लुटेन असते; सीलिअ‍ॅक वगळला गेलेला नसताना तो पर्याय म्हणून घेणे धोक्याचे. रवा, शेवया व लापशी उघडपणे गव्हाच्या. घरगुती सातूच्या पिठात नावाप्रमाणे सातू नसून बहुधा भाजलेले गहू व डाळे असतात, आणि बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. वेष्टनावर ग्लुटेनमुक्त लिहिण्यासाठी भारतीय नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती सीलिअ‍ॅकच्या रुग्णांसाठी आखलेली आहे. संवेदनशीलतेत एवढी काटेकोरता लागतेच असे नाही, आणि काही काळाने थोडा गहू पुन्हा घेऊन पाहण्यास बहुतेक तज्ज्ञांची हरकत नसते.