मतदानाची टक्केवारी आणि निवडणूक धोरणे (गोवा)

मतदार यादीतल्या दर शंभर नावांमागे किती जणांनी प्रत्यक्ष मत दिले, हा आकडा म्हणजे मतदानाची टक्केवारी. यादी कोण तयार करतो, मतदान कोणत्या दिवशी होते, केंद्र घरापासून किती लांब आहे, कामावरून सुट्टी मिळते का, गावाबाहेर असलेल्याला मत पाठवता येते का, अशा नियमांनी हा आकडा वरखाली होतो. सर्वांत थेट नियम सक्तीचा. ऑस्ट्रेलियात १९२४ साली मतदान सक्तीचे झाले आणि १९२२ मध्ये साठ टक्क्यांच्या घरात असलेले मतदान १९२५ मध्ये ९० टक्क्यांच्या वर गेले. भारतात विधानसभा आणि लोकसभेच्या मतदानाला अशी सक्ती नाही. तरीही गोव्यात विधानसभेला ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोक मतदान करतात. त्याची कारणे शोधताना प्रचारफलकांपेक्षा नियमांकडे आणि अंतरांकडे जास्त पाहावे लागते.

गोवा मुक्त झाल्यावर डिसेंबर १९६३ मध्ये येथे प्रथमच प्रौढ मताधिकाराने विधानसभा निवडली गेली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पोर्तुगीज राजवटीत मताचा हक्क मूठभरांपुरता होता. शेतात राबणाऱ्या कुळांना आणि घराघरांतल्या बायकांना ‘आपलेही मत मोजले जाते’ याचा हा पहिला अनुभव होता.

१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल हा या विषयातला सर्वांत बोलका दाखला आहे. महाराष्ट्रात विलीनीकरण की वेगळा संघप्रदेश, असा थेट प्रश्न होता. फूल ही विलीनीकरणाची खूण आणि दोन पाने ही संघप्रदेशाची, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही काय निवडायचे ते कळत होते. प्रशासन तटस्थ राहावे म्हणून बांदोडकर सरकारने आधी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. मुंबईत व अन्यत्र नोकरीला असलेल्या गोमंतकीयांना मात्र मतदान करता आले नाही, कारण हक्क गोवा, दमण व दीव इथल्या रहिवासी मतदारांपुरता ठेवला होता. यादीत ३,८८,४३२ नावे होती. त्यांतल्या ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे जवळपास ८२ टक्के लोकांनी मत दिले. संघप्रदेशाला १,७२,१९१ आणि विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली. रस्ते कमी, वाहने त्याहून कमी, अशा काळातली ही उपस्थिती आहे. आपल्या मताने काहीतरी ठरणार आहे हे स्पष्ट असले की माणूस पायपीट करून येतो, हे त्यातून दिसते. बाहेर राहणाऱ्यांना मत असते तर निकाल काय लागला असता, यावर आजही मराठी आणि कोकणी घरांत वाद होतात. मताचा हक्क कोणाला द्यायचा हा नियम टक्केवारीएवढाच निकालालाही भिडतो.

घटकराज्य झाल्यानंतर विधानसभेच्या जागा ४० झाल्या. २०२२ मध्ये साडेअकरा लाखांहून अधिक मतदार होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आत. एका केंद्रावर सरासरी सातशे मतदारही नव्हते. केंद्र बहुधा वाड्याजवळच्या प्राथमिक शाळेत असते, रांग लहान असते आणि उमेदवार नावानिशी ओळखीचा असतो. मतदारसंघ लहान ठेवणे हेही धोरणच आहे, मात्र टक्केवारीच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचित होतो.

तारखेचाही वाटा आहे. २००२ ची विधानसभा निवडणूक ३० मे रोजी आणि २००७ ची २ जूनला झाली, म्हणजे ऐन उकाड्यात आणि पावसाच्या तोंडावर. तेव्हा मतदान सत्तरीच्या आसपास राहिले. २०१२ मध्ये मतदान ३ मार्चला झाले आणि टक्केवारी ऐंशीच्या पुढे गेली. २०१७ मध्ये ४ फेब्रुवारीला ती ८२ च्या वर होती. २०२२ मध्ये १४ फेब्रुवारीला मात्र ती थोडी घसरून ७९ च्या आसपास आली. लोकसभेची उडी याहून मोठी होती. २००९ मध्ये सुमारे ५५ टक्के मतदान झाले होते, ते २०१४ मध्ये ७७ टक्क्यांवर गेले. त्या वर्षी निवडणूक आयोगाने आधी १७ एप्रिल ही तारीख जाहीर केली होती. तो गुड फ्रायडेचा आदला दिवस होता, म्हणून मतदान १२ एप्रिलला घेतले गेले. एवढ्या वाढीचे श्रेय एकट्या तारखेला देता येणार नाही. त्याच काळात आयोगाची मतदार जागृती मोहीम सुरू झाली होती, घरोघरी मतदार चिठ्ठ्या पोचू लागल्या होत्या आणि त्या वेळची राजकीय चुरसही मोठी होती. यांतला प्रत्येकाचा वाटा वेगळा काढून दाखवणे अवघड आहे. तरी पुढच्या दोन्ही लोकसभा निवडणुकांत मतदान ७५ टक्क्यांच्या खाली गेले नाही, हे लक्षात घ्यावे लागते.

यंत्रांच्या बाबतीत गोवा पुढे राहिला आहे. १९९९ ची विधानसभा निवडणूक पूर्णपणे मतदान यंत्रांवर झाली आणि २०१७ मध्ये चाळीसही मतदारसंघांत मताची चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रे बसवली गेली. यंत्राने बाद मते संपवली. लोक जास्त येऊ लागले ते त्याच कारणाने, असे म्हणायला आधार नाही. महिलांचे मतदान अलीकडच्या निवडणुकांत पुरुषांपेक्षा जास्त राहिले आहे.

स्थानिक निवडणुकांत वेगळेच चित्र दिसते. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामपंचायतींसाठी सुमारे ७९ टक्के मतदान झाले. डिसेंबर २०२० च्या जिल्हा पंचायतीला मात्र ५७ टक्क्यांच्या आसपासच लोक आले. ती निवडणूक कोविडमुळे मार्चमधून पुढे ढकलली होती, हे खरे. पण जिल्हा पंचायतीकडे अधिकार थोडे आणि निधीही थोडा, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असते. पंच मात्र घराच्या दुरुस्तीच्या परवान्यापासून गटारापर्यंत रोज लागतो. संस्थेला अधिकार न देता तिच्यासाठी मतदान वाढवा असे आवाहन करणे मतदारावर अन्याय करणारे आहे.

राज्यातही सगळीकडे प्रमाण सारखे नाही. २०२२ मध्ये साखळीत नव्वदीच्या जवळ, तर बाणावलीत सत्तरच्या आसपास मतदान झाले. बाणावली ज्या तालुक्यात आहे त्या सासष्टीच्या किनारी मतदारांना उदासीन म्हणण्याआधी त्यांची यादी वाचावी. तिथली कितीतरी माणसे तारवटी म्हणजे खलाशी आहेत, बोटींवर आणि आखातात कामाला आहेत. तात्पुरते बाहेर गेल्याने कुणाचे सामान्य रहिवासीपण संपत नाही, असे कायदा सांगतो. त्यामुळे नाव यादीत राहते आणि टक्केवारीच्या छेदात मोजले जाते. पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारलेल्यांचे प्रकरण निराळे. त्यांचे भारतीय नागरिकत्व संपते आणि मताचा हक्कही. ती नावे यादीत पडून राहिली, तर राहणाऱ्यांचे मतदान आहे त्यापेक्षा कमी दिसते.

सैनिकाला टपाली मत आहे. ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदाराला घरी बसून मत देता येते, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या हाती मतपत्रिका येते हे या सुधारणेचे मोठे मोल. २०११ पासून परदेशस्थ भारतीयाला नाव नोंदवता येते, पण मतासाठी त्याला स्वतः केंद्रावर यावे लागते. जहाजावरच्या तारवट्याला टपाली मतही नाही आणि प्रतिनिधीमार्फत मतही नाही. नोव्हेंबर २०२५ पासून गोव्यात यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली. तिच्या अर्जावर घरातल्या प्रौढ माणसाची सही चालत असे, म्हणजे बायकोला किंवा आईला त्याचे नाव यादीत राखता येत होते. मत मात्र त्याने रजा घेऊन स्वतः येऊनच द्यावे लागते.