एकल माता : पालकत्वाचा ताण व आत्मविश्वास

मूल वाढवायला जे लागते आणि आईच्या हाताशी जे असते, त्यांतील तफावतीमुळे येणारा ताण म्हणजे पालकत्वाचा ताण. गरिबीचा ताण याहून निराळा. पण अल्प उत्पन्नाच्या विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित व अविवाहित मातांच्या बाबतीत दोन्ही एकमेकांत मिसळतात. महाराष्ट्रात या स्त्रियांना ‘एकल महिला’ म्हणतात.

पालकत्वाचा ताण मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड अबिदिन यांची प्रश्नावली (1983) बरीच वापरली जाते. तिच्या संक्षिप्त आवृत्तीत 36 विधाने असून ती आईची दमछाक, आई-मुलातील नाते व मुलाचा स्वभाव अशा तीन गटांत, प्रत्येकी 12, विभागलेली आहेत. विधानास 1 ते 5 गुण, बेरीज 36 ते 180. गुण फार कमी आले की सारे आलबेल, हा नेहमीचा गैरसमज. मदत बंद होईल या धास्तीने बाई ‘त्रास कसला?’ म्हणून मोकळी होते. म्हणून त्यांतील ठरावीक 7 विधानांची बेरीज वेगळी पाहतात. ती 10 किंवा कमी असल्यास उत्तरे हातचे राखून दिली असावीत, असे धरतात. निरक्षर आईला प्रश्न वाचून दाखवले, तर उत्तरे आणखी गोड होतात.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या मांडणीनुसार (1977) आत्मविश्वास कामागणिक वेगळा असतो. चार घरची धुणीभांडी आटोपून महिन्याचा मेळ घालणारी बाई मुलाच्या हट्टापुढे हतबल होऊ शकते. दमलेली आई तीनदा ‘नाही’ म्हणते, चौथ्यांदा मोबाइल देते. रडे लांबवले की मिळते, हे मूल शिकते. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी हे चक्र सविस्तर मांडले. आई एखाद्याच दिवशी नमली, तरी मुलाची ही सवय उलट घट्ट होते.

बांडुरांच्या मते स्वतः करून जमलेली गोष्ट विश्वास सर्वाधिक वाढवते. त्यानंतर आपल्यासारख्या दुसरीला जमलेले पाहणे. ‘तू खंबीर आहेस’ हे कौतुक त्यामानाने फिके. त्यामुळे सुरुवातीला एकच नियम घ्यावा, तो आधी सांगावा आणि रोज पाळावा. शिवाय रोज 5 मिनिटे मूल म्हणेल तो खेळ. सहा नियम एकदम दिले की आठवड्यात सगळे बारगळतात.

कौशल्य शिकवून रोजची मजुरी भरून निघत नाही. दुपारी भरवलेल्या पालकत्वाच्या वर्गाला मोलकरीण येत नाही, आणि तिला ‘निरुत्साही’ ठरवले जाते. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत पात्र मुलामागे दरमहा 2,250 रुपये आहेत. पण रक्कम उशिरा, साठून आली, तर महिन्याच्या वाण्याच्या उधारीला तिचा उपयोग होत नाही.