न्यूयॉर्क भुयारी रेल्वे : गुन्हेगारी आणि प्रवाशांची सुरक्षितता

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे 27 ऑक्टोबर 1904 रोजी सुरू झाली. 472 स्थानकांची ही रेल्वे रात्रीही बंद होत नाही. मध्यरात्रीनंतर लांबलचक फलाटावर चार-दोन माणसे उरतात. अमेरिकी महानगरातली असुरक्षितता म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे हाच फलाट येतो. इथली भीती आणि इथले गुन्हे यांचे आलेख मात्र नेहमी जोडीने चढले-उतरलेले नाहीत.

1975 मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते आणि पोलिसांच्या नोकऱ्यांवर गदा आली होती. तेव्हा पोलीस व अग्निशामकांच्या संघटनांनी मुखपृष्ठावर कवटी छापलेली ‘वेलकम टू फिअर सिटी’ ही पुस्तिका काढली. संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर पायी फिरू नका, भुयारी रेल्वेत बसू नका, असे तीत पर्यटकांना बजावले होते. गुन्हे वाढलेले होते हे खरे, पण नोकरकपात टाळण्यासाठी भीतीच हत्यार म्हणून वापरली गेली, हेही तितकेच खरे. 1979 मध्ये कर्टिस स्लिवा याने लाल टोप्या घालून गाड्यांत गस्त घालणाऱ्या तरुणांचे ‘गार्डियन एंजल्स’ हे पथक उभारले. सुरुवातीच्या काही पराक्रमांच्या कथा रचलेल्या होत्या, अशी कबुली त्याने 1992 मध्ये दिली. 22 डिसेंबर 1984 रोजी बर्नहार्ड गेट्झ याने डब्यात पैसे मागणाऱ्या चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या. त्यांतल्या एकाला कायमचे अपंगत्व आले. तरीही सुरुवातीला अनेकांनी गेट्झला डोक्यावर घेतले. 1987 मध्ये ज्युरीने त्याला खुनाच्या प्रयत्नातून निर्दोष सोडले आणि फक्त बेकायदा शस्त्राबद्दल दोषी धरले. घाबरलेला समाज न्यायाची मोजपट्टी किती सैल करतो, हे या प्रकरणाइतके क्वचितच दिसले असेल.

1990 मध्ये शहरात 2,245 खून झाले. 2017 मध्ये 292. या घसरणीचे श्रेय पुष्कळदा विल्यम ब्रॅटन यांना दिले जाते. 1990 मध्ये रेल्वे पोलिसांचे प्रमुख झाल्यावर त्यांनी विनातिकीट प्रवाशांच्या धरपकडीवर भर दिला. पण क्रॅक कोकेन या अमली पदार्थाची लाट ओसरणे, पोलीसभरती, सुधारलेली अर्थव्यवस्था अशी इतर कारणेही पुढे केली जातात, आणि याच काळात देशातल्या इतर मोठ्या शहरांतही गुन्हे घटले. पुढे रस्त्यात अडवून झडती घेण्याचा सपाटा सुरू झाला. 2011 मध्ये सुमारे 6,85,000 वेळा लोकांना थांबवले गेले. त्यांत बहुतांश कृष्णवर्णीय व लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) होते आणि दहापैकी जवळपास नऊ जणांवर कोणतीही कारवाई करावी लागली नाही. 2013 मध्ये संघीय न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. झडत्या झपाट्याने कमी झाल्या, तरी 2017 पर्यंत खून आणखी घटले.

कोविडच्या साथीत डबे रिकामे पडले आणि जुनी भीती परतली. 12 एप्रिल 2022 रोजी ब्रुकलिनमध्ये गाडीतल्या गोळीबारात दहा जणांना गोळ्या लागल्या. सुदैवाने कोणी दगावले नाही. प्रवाशांना सर्वाधिक हादरवतात त्या रुळांवर ढकलून देण्याच्या घटना. संख्येने त्या थोड्या आहेत. काही प्रकरणांतले आरोपी बेघर आणि मनोरुग्ण होते. निवारा व उपचारांचा हा प्रश्न फलाटावरचा पोलीस सोडवू शकत नाही.

चोऱ्यांच्या काही तऱ्हा मात्र जुन्याच. झोपलेल्या, विशेषतः दारू प्यालेल्या प्रवाशाचा खिसा ब्लेडने कापणाऱ्याला पोलीस ‘लश वर्कर’ म्हणतात. दार बंद होता होता हातातला फोन हिसकावून फलाटावर उडी मारणे ही अलीकडची रीत. म्हणून जाणकार प्रवासी दाराशी फोन काढत नाही, फलाटाच्या कडेपासून दूर उभा राहतो आणि गर्दीच्या गाडीत एकच डबा रिकामा दिसला तर त्यात चढत नाही. रात्री तो सहसा गाडीच्या मधल्या भागात बसतो, कारण गार्ड तिथे असतो. फलाटाच्या मध्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी टांगलेली असते. गाडी थांबली की गार्ड खिडकीतून त्या पाटीकडे बोट दाखवतो आणि मगच दारे उघडतो. पाटीजवळ उभे राहिले की त्याची खिडकी समोरच येते.