हेलियम विजयदुर्गावर सापडला नव्हता

कोल्हापूरच्या शाळांची सहल गगनबावड्याचा घाट उतरून विजयदुर्गला पोचली, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘१८६८ साली लॉकियरसाहेबांनी याच कट्ट्यावरून हेलियम शोधला.’ मुलं ते वहीत उतरवतात आणि तटाकडे पळतात. प्रत्यक्षात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. १८६८ साली ते इंग्लंडातच होते.

तीस वर्षांचा घोळ एकवेळ सोडून देता येईल. पण एक साहेब, एक दुर्बीण, एक क्षण आणि लागला शोध, ही समजूत मुलांच्या डोक्यात पक्की बसते, ती जास्त नडते.

त्यापेक्षा गोष्ट कर्नाटकातल्या जमखंडीपासून सुरू करावी. आपल्याला ती जवळचीही आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला लेफ्टनंट जॉन हर्शेल (युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू) तिथे वर्णपटदर्शक (प्रकाश रंगांत फोडून दाखवणारं उपकरण) घेऊन बसले होते. ढगांनी पिच्छा पुरवला. तरी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळेत त्यांना तांबडी, नारिंगी आणि निळी अशा रेषा दिसल्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. नारिंगी रेषा त्यांनी सोडियमची म्हणून नोंदवली.

इथे शिक्षकांनी थांबावं. खिडक्या लावून गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकावं. ज्योत भडक पिवळी होते, ती सोडियममुळे. मग विचारावं, हर्शेलच्या जागी तुम्ही काय लिहिलं असतं? सोडियमच म्हणणाऱ्या पोराला चूक ठरवू नये. सोडियमच्या जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर असतात, ही होती ५८७.६ वर. ढगांच्या फटीतून मिळालेल्या क्षणांत एवढा फरक कोण पकडणार?

तो पकडायला सवड हवी होती. ग्रहणासाठी गुंटूरला आलेल्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहून दाखवल्या. ऑक्टोबरमध्ये लॉकियर यांनीही इंग्लंडातून तेच स्वतंत्रपणे साधलं. आता रेषेची जागा निवांत मोजता येऊ लागली. ती सोडियमची नव्हती. रसायनतज्ज्ञ फ्रँकलंड यांच्यासोबत प्रयोगशाळेत खटपट करूनही हायड्रोजनपासून ती मिळेना. लॉकियर म्हणाले, हे नवं मूलद्रव्य. तेच हेलियम. बरेच रसायनतज्ज्ञ म्हणाले, आधी हातात आणून दाखवा! ते दाखवायला १८९५ उजाडलं. रसायनतज्ज्ञ रॅम्से यांनी युरेनियमच्या एका खनिजातून वायू काढला आणि त्यात तीच रेषा दिसली.

या शंकेखोरांना खलनायक करायचा मोह होतो. म्हणून जोडीला १८६९ च्या ग्रहणाची गोष्ट सांगावी. त्या वेळी सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसली. तीही कशाशीच जुळेना, तेव्हा तिच्याही नावे एक मूलद्रव्य मांडलं गेलं: कोरोनियम. दोन्हींचा पुरावा एकाच जातीचा. यातलं कोणतं खरं, हे मुलांना ठरवू द्यावं, भांडू द्यावं, आणि मगच उत्तर सांगावं. कोरोनियम नावाचं काही नव्हतंच. १९४० च्या सुमारास उलगडलं, की ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. लोखंडाची अशी दशा व्हायला तापमान दहा लाख अंशांच्या घरात लागतं. सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार अंशांचा, मग त्याच्या बाहेरचं प्रभामंडल इतकं तापतं कशानं, यावर संशोधकांचा वाद अजून चालू आहे.